घरच्या वर्कशॉपमध्ये खडा घासताना मन कसं लागतं, आणि त्याचा हिशोब कसा मांडायचा



मागच्या व्हिडिओत मी कॉस्टिंगबद्दल बोलत होते आणि माझ्या मागे टेबलावर एक छोटं मशीन दिसत होतं. कॉस्टिंगवर प्रश्न आले चार, आणि त्या मशीनवर आले चाळीस! "ताई, ते काय आहे?", "घरी खडे कापता येतात का?", "दुकान, क्लास, मुलगी सांभाळून हे कधी करता?" एका मैत्रिणीने तर सरळ विचारलं, "मला धंदा नको, पण हे करताना तुम्ही एवढ्या शांत कशा दिसता ते सांगा."

म्हणून आजचा लेख. खडा घासताना मन कसं लागतं, ते कशामुळे बिघडतं, आणि हे काम धंदा म्हणून करायचं असेल तर या शांततेची किंमत कशी मोजायची, हे सगळं सांगते. लेख लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी माझी चूक ऐका

नाशिकला आमचं चांदीच्या दागिन्यांचं छोटं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. बीबीए झाल्यावर मी ते हातात घेतलं. खडे आम्ही तयारच घ्यायचो. पुढे जयपूरला खरेदीला गेले असताना एका कारागिराकडे खडा घासताना पाहिला आणि तिथेच अडकले. पुढच्या दोन वर्षांत जमेल तसं जाऊन त्यांच्याकडे शिकले, आणि मग घराच्या मागच्या बाल्कनीत मशीन लावलं.

दोन दिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. एक काकू त्यांच्या आईची अंगठी घेऊन आल्या. जांभळा ॲमेथिस्ट, ज्याला बाजारात जमुनिया म्हणतात. वर्षानुवर्षं वापरून वरच्या पैलूंच्या कडा झिजलेल्या. "नुसतं पुन्हा चमकवून द्या," म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्या आठवड्यात माझ्याकडे आधीच अकरा ऑर्डर होत्या, तरी हो म्हटलं.

रात्री साडेदहाला बसले. मोबाईल टेबलावरच. वरचे आठ मुख्य पैलू हलक्या हाताने पुन्हा पाडत होते. चार झाले आणि फोन वाजला, एका ऑर्डरची विचारणा. उत्तर दिलं, परत बसले, आणि मशीनचं दात्यांचं चाक 48 वर लावायचं ते 45 वर लावलं. तीन दात्यांचा फरक. खडा चकतीला टेकवला आणि दोन सेकंदांत आवाज वेगळा आला. उचलून बघितलं तर पैलू भलत्याच जागी, कडेपर्यंत गेलेला.

आता ही चूक खोडरबराने पुसता येत नाही. एक पैलू खोल गेला की बाकीचे सातही तेवढेच खोल न्यावे लागतात. खडा लहान होतो. लहान झालेला खडा जुन्या कोंदणात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंना बोलावून खरं सांगितलं. माझ्या खर्चाने नवीन कोंदण करून दिलं. त्या काही बोलल्या नाहीत. अंगठी बोटात घालून नुसतं बघत राहिल्या, मग पर्समध्ये ठेवली आणि गेल्या. त्यानंतर त्या दुकानात परत आल्या नाहीत.

त्या रात्री माझं कौशल्य कमी पडलं नव्हतं. तेच आठ पैलू मी त्याआधी शेकडो वेळा पाडले होते. कमी पडलं ते लक्ष. तेव्हापासून मी "लक्ष" ही गोष्ट कच्च्या मालासारखी मोजायला लागले. किती आहे, कुठे वाया जातं, कशावर खर्च करायचं.

हे काम नेमकं असतं काय?

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

खडे दोन प्रकारे घडवतात. पहिला कॅबोशॉन, म्हणजे वरून घुमटासारखा गुळगुळीत आणि खालून सपाट. अकीक, मूनस्टोन, फिरोजा असे खडे बहुतेक वेळा असे करतात. दुसरा पैलूदार, म्हणजे ठरलेल्या कोनात सपाट पैलू पाडलेला. पारदर्शक खडे शक्यतो असे करतात, कारण पैलूंमुळे आत शिरलेला प्रकाश फिरून वर येतो.

पैलूदार कामात कच्चा दगड एका पितळी दांडीच्या टोकावर लाखेने चिकटवतात. या दांडीला डॉप म्हणतात. दांडी मशीनच्या हाताला लागते. त्या हातावर कोन ठरतो आणि दात्यांच्या चाकावर दिशा. या चाकाला बहुधा 96 दाते असतात, म्हणून आठ पैलू हवे असतील तर दर 12 दात्यांनी एक. खाली गोल चकती फिरते, तिच्यावर हिऱ्याची बारीक भुकटी बसवलेली असते आणि वरून पाण्याचा थेंब थेंब पडत राहतो.

चकत्या क्रमाने बदलायच्या. आधी भरड, आकार देण्यासाठी. मग 600 नंबर, मग 1200, मग 3000, आणि शेवटी पॉलिश. आकडा जितका मोठा तितका कण बारीक. 600 नंबरचा हिऱ्याचा कण साधारण 30 मायक्रॉनचा, 1200 चा साधारण 15 मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा केस ढोबळमानाने 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अंदाज येईल.

कोनालाही महत्त्व आहे. स्फटिक, ॲमेथिस्ट, सुनेला हे सगळे एकाच जातीचे, म्हणजे क्वार्ट्झ. यांच्या खालच्या बाजूचा मुख्य कोन 41 अंशांच्या खाली गेला की प्रकाश खालून निसटतो आणि खड्याच्या मधोमध काचेच्या खिडकीसारखा फिका डाग दिसतो. म्हणून 43 अंशांच्या आसपास ठेवतात. दोन अंशांचा खेळ आहे. एवढ्याशा फरकाने खडा जिवंत दिसतो किंवा मेलेला.

आपल्या मातीशी याचं नातं आहे

"हे जयपूरवाल्यांचं काम, आपलं नाही," असं काही जण म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा पैठण आठवावं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं प्रवासवर्णन आहे. त्यात पैठणहून भडोच बंदराकडे रंगीत पट्ट्यांचा गोमेदासारखा दगड, म्हणजे ऑनिक्स, मोठ्या प्रमाणात जायचा अशी नोंद आहे. आमच्या नाशिकहून वाहत जाणाऱ्या गोदावरीच्याच काठावरचं गाव!

कारण सोपं आहे. आपलं दख्खनचं पठार लाव्हाचं. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली सिलिका साचली आणि अकीक, ॲमेथिस्ट, गारगोटी तयार झाली. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहिलं नसेल तर मुलांना घेऊन जरूर जा.

एक धंद्याची गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडे मिळणारी सुंदर झिओलाइट खनिजं आणि अपोफिलाइट घासायला घेऊ नका. अपोफिलाइटची कठीणता मोहस् मापावर 5 च्या आत आहे आणि ते एका दिशेने सरळ फाटतं. स्टिलबाइट त्याहून मऊ. क्वार्ट्झ 7 वर आहे. शिकायला क्वार्ट्झ आणि अकीक घ्या. चुकायला परवडतात आणि शिकवतातही भरपूर.

मन लागतं म्हणजे काय होतं?

मिहाय चिक्सेंटमिहाय नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. माणूस कामात इतका बुडतो की वेळेचं भान राहत नाही, या अवस्थेचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. तिला त्यांनी 'फ्लो' म्हटलं. 1990 साली त्यांचं याच नावाचं पुस्तक आलं. त्यांच्या मांडणीत तीन अटी मला फार कामाच्या वाटतात. ध्येय स्पष्ट हवं, आपण बरोबर चाललोय की चुकतोय ते लगेच कळायला हवं, आणि काम आपल्या कुवतीच्या थोडंसं वर हवं. फार सोपं असेल तर कंटाळा, फार अवघड असेल तर घाबरगुंडी.

आता खडा घासण्याचं काम बघा. ध्येय: हा एक पैलू, इथपर्यंत. उत्तर: पाच सेकंदांत. चकतीवर टेकवला, उचलला, कापडाने पुसला, दहापट भिंगातून पाहिला. चुकलं असेल तर समोर दिसतं. कुवत: पैलूंची रचना आपण आपल्या हाताप्रमाणे निवडू शकतो.

आणि आवाज! पैलू अजून पूर्ण बसला नसेल तर घासण्याचा आवाज खरखरीत येतो. पूर्ण सपाट झाला की तो बदलतो, हलका होतो. पहिले सहा महिने मला हे ऐकूच यायचं नाही. एक दिवस आलं. त्या दिवसापासून मी काम करताना गाणी लावणं बंद केलं.

दुकानात बसलेलं असताना आपलं मन सतत पुढच्या महिन्यात असतं. भाडं, उधारी, माल, पगार. चकतीसमोर बसल्यावर पुढच्या महिन्याचा विचार करताच येत नाही, कारण केला की पैलू जातो. मला जी शांतता मिळते तिचं एवढंच गुपित आहे. मन एका जागी राहिलं नाही तर दगड लगेच दाखवून देतो.

हेही सांगते, की हा उपचार नाही. झोप उडालेली असेल, छातीत धडधड होत असेल, मन खूप खचलं असेल तर डॉक्टरांकडे जा. मशीन घेऊन ते बरं होणार नाही.

माझ्या बैठकीचे सहा नियम

ही पद्धत त्या अंगठीनंतर तयार झाली. तुम्ही जशीच्या तशी वापरा किंवा आपल्या कामाप्रमाणे बदला.

पहिला नियम, मोबाईल दुसऱ्या खोलीत. सायलेंटवर टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलेला चालत नाही. तो दिसला तरी मन तिकडे जातं. घरच्यांना सांगून ठेवलंय, फारच तातडीचं असेल तर दार वाजवा.

दुसरा, एका बैठकीत एकच टप्पा. बसण्याआधी वहीत एक ओळ लिहिते: "आज खालचे आठ मुख्य पैलू, 600 वर." संपले की उठायचं. "आता हात बसलाय, अजून थोडं करू" हा मोह सगळ्यात महाग पडतो.

तिसरा, प्रत्येक पैलूला टिक. वहीत आधीच 96, 12, 24, 36 असे आकडे लिहिलेले असतात. पैलू झाला की टिक, मगच चाक पुढे. अंगठीच्या वेळी ही वही असती तर फोन येऊनही काही बिघडलं नसतं. मधेच उठायची वेळ आली, तर आधी कोन आणि आकडा लिहायचा आणि मग उठायचं.

चौथा, 45 मिनिटं. गजर लावते. त्यानंतर डोळे आणि मान थकतात, आणि थकलेला माणूस जोर लावतो. जोर लावला की खडा तापतो, लाख मऊ होते आणि खडा दांडीवर सरकतो. पुन्हा जुळवायला तासभर जातो.

पाचवा, चकती बदलताना पूर्ण सफाई. हात, खडा, दांडी, पाण्याची थाळी, सगळं धुवायचं. भरड चकतीचा एक कण पॉलिशच्या चकतीवर गेला की तो प्रत्येक पैलूवर ओरखडा मारत राहतो. शोधूनही सापडत नाही. सफाईला दहा मिनिटं लागतात. मला ही दहा मिनिटं आवडायला लागलीत. दुकानातलं डोकं धुतलं जातं त्यात.

सहावा, रागात बसायचं नाही. आणि रात्री दहानंतर तर नाहीच.

यातला एकही नियम अवघड नाही. पाळणं अवघड आहे, कारण ऑर्डर आली की आपण स्वतःलाच सूट देतो.

शांतता फुफ्फुसांच्या किमतीत नको

हा भाग कृपया गाळून पुढे जाऊ नका.

क्वार्ट्झ आणि अकीक म्हणजे सिलिका. त्यांची कोरडी धूळ श्वासात जात राहिली तर सिलिकोसिस होतो. फुफ्फुसं हळूहळू कडक होतात आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाहीत. या धुळीचा संबंध फुफ्फुसाच्या कॅन्सरशीही सिद्ध झाला आहे. गुजरातमध्ये खंभातला अकीक घासण्याचा धंदा फार जुना आहे. तिथून जवळच लोथलच्या उत्खननात हडप्पाकाळातला मणी बनवण्याचा कारखाना सापडलाय, इतकी जुनी ती परंपरा. त्याच खंभातच्या कारागिरांमध्ये सिलिकोसिसने कित्येक घरं उद्ध्वस्त झाली. काम घरात, अंगणात चालायचं, म्हणून धूळ बायकामुलांच्याही वाट्याला आली.

आपण "होम वर्कशॉप" म्हणतो ना, ते नेमकं हेच आहे. घरात धूळ म्हणजे घरच्यांच्या छातीत धूळ. म्हणून हे पाळा.

कधीही कोरडं घासू नका, "दोनच सेकंद" म्हणूनही नाही. पाणी सतत पडायला हवं. मास्क लावा, पण मास्क हा दुसरा बचाव आहे, पहिला पाणीच. टेबल झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. वाळलेला चिखल पुन्हा धूळ होतो. घासलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, बादलीत गाळ बसू द्या आणि गाळ ओला असतानाच पिशवीत बांधा. एप्रन वेगळा धुवा. स्वयंपाकघरात मशीन लावू नका. लहान मुलं त्या खोलीत नकोत.

पाणी आणि वीज शेजारी असतात, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि गळती झाली की प्रवाह तोडणारा ब्रेकर बसवा. डोळ्यांवर चष्मा हवाच. सोसायटीत राहत असाल तर दगड कापायच्या करवतीचा आवाज शेजाऱ्यांना त्रास देतो, त्यांच्याशी आधी बोला. मी करवत दुपारीच चालवते.

एवढं करायची तयारी नसेल तर हा नाद सोडा, दुसरं काहीतरी शोधा. मी मनापासून सांगते.

आता धंद्याचं गणित

छंदात शांतता मिळते म्हणून धंदा करावा, आणि धंदा केल्यामुळे शांतता जावी, असं बऱ्याच जणांचं होतं. केक करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, रेझिनचं काम करणाऱ्या माझ्या विद्यार्थिनी हेच सांगतात. कारण आपण माल मोजतो, पैसे मोजतो, लक्ष मोजत नाही. तर मोजूया.

समजा, दिवसाला 45 मिनिटांच्या दोन बैठका. म्हणजे दीड तास. आठवड्याचे सहा दिवस धरले तर 9 तास, चार आठवड्यांचे 36 तास. एका पैलूदार खड्याला तुम्हाला 5 तास लागतात असं धरा. 36 भागिले 5, म्हणजे सातेक खडे. त्यात पाचातला एक बिघडतो असं धरा, सुरुवातीला बिघडतोच. सातातून दीड गेला. उरले साडेपाच. म्हणजे महिन्याला पाच खड्यांचं वचन देऊ शकता. सहावं नाही.

ही तुमची खरी क्षमता. मशीन दिवसभर फिरू शकतं, तुम्ही नाही. त्या दिवाळीत माझ्याकडे एका आठवड्यात अकरा होत्या!

आता किंमत. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही टाका. कच्चा दगड 600 रुपये. चकती, पॉलिश, लाख यांची झीज 80. वीज-पाणी 20. तुमचे 5 तास, ताशी 150 प्रमाणे 750. एकूण 1450. पाचातला एक बिघडतो, म्हणजे चार चांगल्या खड्यांनी पाचांचा खर्च भरून काढायचा. 1450 भागिले 0.8, साधारण 1812. ही तुमची किंमत-खर्चाची रेघ. यावर नफा 30 टक्के धरला तर 2355 च्या आसपास विक्री.

बहुतेक जण काय करतात? दगडाचे 600, वरचे 100, "आपला हातच आहे, त्याचं काय" म्हणून 900 ला विकतात. मग महिनाभरात चिडचिड सुरू होते. ती चिडचिड हातात उतरते, हातातून खड्यात. आपल्या वेळेची किंमत न लावणं हा कामातली शांती घालवण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता आहे.

कच्चा दगड घेताना आणखी एक. खडा कॅरटवर विकला जातो, 1 कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम. कच्च्या दगडातून पैलूदार खडा निघतो तेव्हा साधारण पाव ते एक तृतीयांश वजनच हातात राहतं, बाकीचं चिखलात जातं. 10 कॅरटचा दगड घेतला तर अडीच-तीन कॅरटचा खडा निघाला तरी काही चुकलं नाही असं समजा. हे माहीत नसलं की माणूस वजन वाचवायला कोन कमी करतो, आणि मग ती मघाची खिडकी दिसते.

विकताना काय सांगायचं, काय नाही

ग्राहक विचारतात, "ताई, हा खडा घातला की मन शांत राहतं ना?" मोहाचा क्षण असतो. हो म्हटलं की विक्री पक्की.

मी म्हणते, "हा करताना माझं मन शांत होतं. तुम्हाला घालून काय होईल ते मी सांगू शकत नाही. खडा कुठला आहे, कसा घडवला आहे, ते सगळं सांगते." कोणाची श्रद्धा असेल तर ती त्यांची. त्यावर मी वादही घालत नाही आणि धंदाही करत नाही.

पण खड्याबद्दलचं खरं सांगणं ही आपली जबाबदारी आहे. बाजारातला बराचसा सुनेला म्हणजे ॲमेथिस्ट तापवून पिवळा केलेला असतो. भडक निळा-गुलाबी अकीक बहुतेक रंगवलेला असतो. यात फसवणूक तेव्हाच होते जेव्हा आपण सांगत नाही. बिलावर लिहा: तापवलेला, रंगवलेला, प्रयोगशाळेत बनवलेला, जे असेल ते. स्वतःला खात्री नसेल तर प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि मगच नाव लावा. एकदा बिलावर खरं लिहायची सवय लागली की रात्री झोप चांगली लागते, हे मी अनुभवाने सांगते.

दुसऱ्याचा खडा घेताना आणखी काळजी घ्या. आल्या आल्या त्यांच्यासमोर वजन करा, फोटो काढा, आधीपासूनचे तडे भिंगातून दाखवा, "पुन्हा घासल्यावर थोडा लहान होईल आणि धोका आहे" असं लिहून सही घ्या. आणि आठवणीचा दागिना असेल तर एकदा विचारा, की झीज राहू दिली तर चालेल का? काही वेळा ती झीजच हवी असते त्यांना. त्या काकूंना मी हे विचारलंच नव्हतं.

सुरुवात कुठून करायची?

मशीन विकत घेऊन सुरुवात करू नका. आधी कुणाच्या तरी चकतीवर दहा तास घालवा. जयपूर आणि मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जेम्स अँड ज्वेलरीचे अभ्यासक्रम आहेत, चौकशी करा. ओळखीचा कारागीर असेल तर आठवडाभर त्याच्या शेजारी बसा. दहा तासांनंतरही परत जावंसं वाटलं तर पुढचा विचार.

पहिले वीस खडे कॅबोशॉनच करा, अकीकचे. पैलूदार त्यानंतर. पहिले दहा विकू नका. डब्यात ठेवा, प्रत्येकावर तारीख टाका. सहा महिन्यांनी उघडलात की आपण कुठून कुठे आलो ते हातात दिसतं.

वही पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, वेळ, टप्पा, कोन, काय चुकलं, मन कसं होतं. शेवटचा रकाना वेडेपणाचा वाटेल. माझ्या वहीत बिघडलेल्या खड्यांच्या बहुतेक तारखांसमोर "घाई" किंवा "उशीर झाला" असं लिहिलेलं आहे. "दगड वाईट" असं फार थोड्या ठिकाणी.

धंदा सुरू केला की उद्यम नोंदणी करून घ्या. ती ऑनलाइन आणि मोफत आहे, कुणाला पैसे देऊ नका. जीएसटीचं तुमच्या विक्रीप्रमाणे सीएंना विचारा, विशेषतः दुसऱ्या राज्यात माल पाठवणार असाल तर आधीच.

आणि ज्यांना खड्यांशी काही देणंघेणं नाही, त्यांच्यासाठीही गृहपाठ आहे. या आठवड्यात फक्त एवढं करा. तुमच्या कामात असा एक टप्पा शोधा जिथे लक्ष गेलं तर माल वाया जातो. बेकरीवाल्यांचं आयसिंग असेल, टेलरिंगवाल्यांचं कापड कापणं असेल, छपाईवाल्यांचं अलाइनमेंट. त्या टप्प्यासाठी रोज 45 मिनिटं, मोबाईल दुसऱ्या खोलीत, शेजारी वही. सात दिवसांनी वाया गेलेला माल मोजा आणि आधीच्या आठवड्याशी ताडून बघा. जे काही निघेल ते कमेंटमध्ये लिहा. वाढला असेल तरी लिहा, आपण कारण शोधू.

त्या काकूंच्या खड्याचा तो 45 नंबरचा पैलू पाडलेलं पान मी वहीतून फाडलेलं नाही. दर दिवाळीच्या आधी ऑर्डर घ्यायला सुरुवात करताना ते पान उघडून बघते, आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या महिन्यात पाचच चौकोन आखते. पाच भरले की बोर्ड लावते: "पुढच्या महिन्यात या." काही लोक जातात. बरेचसे थांबतात.

पुढच्या व्हिडिओत कच्चा दगड विकत घेताना उजेडासमोर धरून तडे कसे ओळखायचे ते दाखवते. तोपर्यंत सांभाळून काम करा, पाणी चालू ठेवा.